ताट कुणासाठी वाजलं

माझी मुलगी जन्मली त्या सकाळी मी मागच्या अंगणात उभा राहून बंद दाराकडे कान लावला होता. जे ऐकलं ते सगळं खरंच होतं. त्यावरून मी मनाशी जे ठरवलं, त्याबद्दल हे लिहितो आहे.

तेव्हा आम्ही महाल नावाच्या वस्तीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मागे लहानसं अंगण होतं. त्याच्या एका बाजूला विहीर आणि दुसऱ्या बाजूला पुरुषभर उंचीची भिंत. भिंतीपलीकडे जबलपूरकडचे एक रेल्वेचे गार्ड राहत. मी सेक्रेटरिएटात कारकून होतो. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या लेखणीचंच काम. कागदात काय लिहिलं आहे यापेक्षा काय लिहायचं टाळलं आहे, तिकडे माझी नजर आधी जाते. साहेब लोक या सवयीची तारीफ करत. घरात तिचा काही उपयोग नव्हता, पण ती ऑफिसात ठेवून येता येत नव्हती.

बायकोची आई आधीच वारलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी न होता आमच्याकडेच झालं. घरात माझी थोरली विधवा बहीण होती. तिला आम्ही आक्का म्हणत असू. मला लहानाचं मोठं तिनेच केलं. खोलीत बायको, आक्का आणि सुईण, तिघीच होत्या. सुईण आमच्या मागच्या गल्लीतली, तंबाखू चघळणारी, भांडकुदळ बाई. तिला घरी बोलावताना लोक गोड बोलत आणि ती गेली की तिच्या नावाने बोटं मोडत.

पोळा होऊन गेला होता. हवेत दमटपणा होता, घाम वाळत नव्हता. आतून बायकोच्या कण्हण्याचा आवाज बराच वेळ येत होता, तो एकदम थांबला. आता रडणं ऐकू येईल म्हणून मी श्वास धरून उभा राहिलो. रडणं आलं नाही. काहीच आलं नाही. मग सुईणीचा दबका आवाज आला.

"इस्तो आन वं, लवकर! पाह्यत काय राहिली?"

दार अर्धवट उघडून आक्का बाहेर आली. माझ्या अगदी अंगावरून गेली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. स्वयंपाकघरातली पेटती शेगडी तिने पदराने धरून उचलली.

"आक्का, काय झालं?"

"काही नाही. तू तिकडे पुढे जाऊन बस."

"झालं का बाळ?"

"म्हटलं ना, पुढे जाऊन बस!"

दार पुन्हा लागलं. एवढ्या उकाड्यात विस्तव कशाला लागतो, ते मला कळेना. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून वास यायला लागला. शेपा-ओव्याच्या धुरीचा वास मला माहीत होता. हा तो नव्हता. मांस करपल्यासारखा वास होता. आमच्या घरात असा वास कधी आला नव्हता.

आणि मग ताट वाजलं. आमच्याकडे काशाचं एक जुनं ताट होतं, आक्का त्यात कणीक भिजवायची. त्या ताटावर कुणीतरी पळीने की कशाने घाईघाईने, वेड्यासारखं बडवत होतं.

भिंतीवरून गार्डसाहेबांचं डोकं वर आलं. दाढीचा साबण अर्ध्या गालावर तसाच.

"बधाई हो बाबूजी! लल्ला हुआ है!"

"अजून काही कळलं नाही," मी म्हणालो.

"अरे, थाली बज रही है, और क्या कळायचं? हमारे यहाँ तो लड़का हो तभी बजती है। मुँह मीठा कराओ!"

ताट थांबलं. त्यानंतर, ताट थांबल्यावर, मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला, तुटत तुटत. मग नीट रडणं. गार्डसाहेबांनी तिकडून टाळ्या वाजवल्या. त्यांच्या टाळ्यांनी मी कसा वाहवलो कोण जाणे. तसाच अनवाणी कोपऱ्यावरच्या हलवायाकडे गेलो, पेढे घेतले आणि गल्लीत सगळ्यांना मुलगा झाला म्हणून वाटत परत आलो. किराणा दुकानदारालाही दिला. त्याने हसून माझ्या हातावर त्याच्याकडचा पेढा ठेवला. "आमच्याकडेही आजच," तो म्हणाला. "मुलगा."

घरी आलो तर आक्का दारात उभी होती. कपाळावर केस चिकटलेले. ती दमलेली दिसत होती. त्यातही ती माझी नजर चुकवते आहे, हे मला आधी दिसलं.

"मुलगी आहे," ती म्हणाली.

"मुलगी?"

"हो, मुलगी. लक्ष्मी आली. तोंड असं काय करतोस?"

"मग ताट कशाला वाजवलं?"

"तिला ऐकू येतं का बघायला. बाळाच्या कानाशी वाजवतातच."

"पण ताट आधी वाजलं आणि ती नंतर रडली."

आक्का एक क्षण गप्प राहिली. तो क्षण मी पुढे कितीदा आठवला असेल. मग ती म्हणाली, "बाळंतिणीची खोली म्हणजे काय तुझं ऑफिस आहे? आधी काय, नंतर काय! जा, अंघोळ कर."

वासाबद्दल विचारलं तर म्हणाली, धुरी. बायकोला विचारलं तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला काही आठवत नाही हो." सुईण तर मी समोर दिसताच मागच्या दाराने निघून गेली. तिघींपैकी कुणी एकटीच खोटं बोलली असती तर कदाचित मी ते मान्य केलं असतं. पण तिघी मिळून काहीतरी लपवत होत्या, आणि तसं लपवलेलं मला लगेच कळतं. त्यात मी चुकलो नव्हतो.

पेढे वाटून झाले होते. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत लोक मला विचारू लागले, "काय गा बाबू, सकाळचा पोरगा संध्याकाळी पोरगी झाला म्हणतात?" ऑफिसात एकाने नोटिंगच्या भाषेत शेरा मारला की मूळ मजकुरात दुरुस्ती झालेली दिसते. सगळे हसले. मीही हसलो. पण दुरुस्ती हा शब्द घेऊनच मी घरी आलो.

दुकानदाराकडेही त्याच दिवशी मुलगा. सुईण या आळीत एकच. सकाळी ती आमच्याकडे यायला उशीर करून आली होती. ती आधी कुठे होती? आमच्याकडे ताट वाजलं ते कुणासाठी? विस्तवावर काय जाळलं? दुकानदाराच्या घरात आधी सगळ्या मुलीच होत्या, एक मुलगा व्हावा म्हणून त्याने काय काय नवस केले होते, ते साऱ्या गल्लीला माहीत होतं. हे सगळे तुकडे मी एकमेकांशेजारी ठेवले. ते जुळले: पोरांची अदलाबदल झाली होती. मला त्याचं भय वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर जुळल्याचं एक प्रकारचं समाधानच वाटलं.

मी कुणाला सरळ काही विचारलं नाही. दुकानात जाऊन जिरं किंवा गूळ मागत असे आणि आत पाळण्याकडे बघत असे. आमच्या घराण्यात पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली असते. माझ्या वडिलांची होती, माझी आहे. मुलीची सरळ होती, तिच्या आईसारखी. दुकानदाराचा मुलगा पोत्यांवर चढू-उतरू लागला तेव्हा लिमलेटची गोळी दाखवून मी त्याला जवळ बोलावलं आणि त्याचे पाय पाहिले. करंगळी चढलेली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढे दुकानदाराच्याही लक्षात आलं की मी पोराकडे फार बघतो. त्याने पोराच्या गालावर काजळाचा मोठा टिळा लावायला सुरुवात केली आणि मी दिसलो की त्याला आत पाठवू लागला. दृष्ट लागू नये म्हणून तो करत होता. मी त्यातही पुरावा शोधला.

सुईणीबद्दल मात्र मी बोललो. मोठ्याने नाही. मोठ्याने बोलायची माझ्यात हिंमत नव्हती. विहिरीवर, देवळाच्या पायरीवर, कुणी सहज विषय काढला की मी एवढंच म्हणे, "आमच्या वेळी तिने खोलीत काहीतरी जाळलं. काय ते देवाला माहीत." बाकीचं ऐकणाराच पुरं करी. हळूहळू तिला बोलावणं बंद झालं. पोरं तिच्या मागे 'चेटकीण' म्हणून ओरडू लागली. एक दिवस तिचं खोपट रिकामं दिसलं. ती रामटेककडे भावाच्या गावी गेली म्हणतात, असं कानावर आलं. मला वाटलं, चोर असल्याशिवाय कुणी असं पळून जातं का?

आणि मुलगी? तिला मी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, परकर-पोलकं वेळेवर आणलं. पण तिला उचलून घेतलं नाही. तिला हाक मारायची झाली तर मी आक्काला सांगत असे, "हिला बोलाव." तिचं नाव होतं, चांगलं होतं, मीच ठेवलं होतं. पण माझ्या तोंडात ती नेहमी 'ही' असे. ती मोठी होऊ लागली तशी माझ्या जेवणाच्या पाटाशी येऊन उभी राहायची, ऑफिसातून आलो की टोपी घ्यायला हात पुढे करायची. मी टोपी स्वतःच खुंटीला लावायचो. मला वाटे, आक्का शिकवून पाठवते. बायकांनी मिळून जे केलं ते पचवायला ही एक युक्ती. मुलीने लळा लावला की हा माणूस विचारायचं सोडेल.

बायको एकदा म्हणाली होती, "तुम्ही तिच्याकडे असे बघता, जशी काही ती कुणाची उसनी आणली आहे."

"उसनीच नाही ना?" मी म्हणालो.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती आक्काकडे वळून म्हणाली, "आक्का, सांगू द्या ना हो मला."

"शपथ घातली आहे मी तुला," आक्का म्हणाली.

असं बोलणं माझ्यासमोर झालं. मग मी काय समजायचं?

मुलगी पाच वर्षांची असतानाची गोष्ट. संक्रांत झाली होती. रविवार होता. मी अंगणात उन्हाला पाट टाकून बसलो होतो, शेजारी वाटीत बोरं होती. मुलीलाही मूठभर दिली होती, ती विहिरीच्या कठड्यापाशी बसून खात होती. मी दुपारच्या सुस्तीत होतो. तेवढ्यात ती उठून माझ्याकडे आली आणि तिने माझ्या धोतराचा सोगा धरला.

मी वर पाहिलं नाही. तिने सोगा ओढला. बोलली नाही, रडली नाही, नुसती ओढत राहिली. मला वाटलं, माझ्या वाटीतली बोरं हवीत. मग वाटलं, पुन्हा आक्काने पाठवली. मी धोतर तिच्या मुठीतून सोडवून घेतलं. दोन बोटांनी, एकेक बोट उलगडून.

ती दोन पावलं मागे गेली आणि खाली बसली. बसली म्हणजे कोसळली. तेव्हा मी तिचं तोंड पाहिलं. ओठ जांभळे झाले होते. तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीही आवाज येत नव्हता. गळ्याखालची कातडी आत ओढली जात होती. हे सगळं मला दिसलं, समजलं, आणि मी पाटावर बसून होतो.

मी का उठलो नाही? लोक म्हणतात, अशा वेळी माणूस गडबडतो, हातपाय गळतात. तसं असेल. मला तसंच वाटून घ्यायला आवडेल. पण इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रत्येक थांबण्यात खोट शोधली, आता माझ्याच थांबण्याला सूट कशी देऊ?

बायको स्वयंपाकघराच्या दारातून धावत आली. तिच्या हातातलं पातेलं कुठेतरी पडून घरंगळत गेलं.

"अहो, धरा हिला! पाय धरा! वर धरा!"

मी उठलो. तिचे दोन्ही घोटे धरून तिला उलटं लोंबकळवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला धरलं ते असं. बायको तिच्या पाठीवर खांद्यांच्या मधोमध तळहाताने मारत होती, जोरात, पुन्हा पुन्हा, आणि ओरडत होती.

"पुन्हा नाही! पुन्हा नाही हं जायचं! एकदा गेली होतीस, पुन्हा नाही जाऊ देणार!"

बी बाहेर पडली. फरशीवर टक्कन वाजली. पण मुलगी तशीच राहिली. आम्ही तिला खाली निजवलं, मान एका बाजूला पडली. तोवर आक्का आली होती. तिने पोरीच्या तोंडात बोट फिरवून लाळ काढली, तिचं नाक आणि तोंड आपल्या तोंडाने झाकलं आणि फुंकलं. लहानशी छाती वर आली आणि बसली. आक्काने पुन्हा फुंकलं. मग ती मान वर करून एकदम ओरडली, "ताट आण गं!"

बायकोने आत धाव घेतली आणि कणकेचं तेच काशाचं ताट आणलं. कणीक त्याला लागलेली होती. आक्का फुंकत होती आणि बायको मुलीच्या डोक्यापाशी ते ताट बडवत होती, उलथन्याने, घाईघाईने, वेड्यासारखी. तो आवाज मी ओळखला. ठेकाही ओळखला. माझ्या कानात तो पाच वर्षं वाजत होता.

मुलीने आचका दिला. खोकली. आणि मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला, तुटत तुटत, मग नीट रडणं.

भिंतीवरून गार्डसाहेबांचं डोकं वर आलं.

"बाबूजी!" ते आनंदाने म्हणाले. "बधाई हो! बताया भी नहीं! लल्ला हुआ क्या?"

त्यांनी खाली पाहिलं, अंगणात निजवलेली पोर पाहिली, आणि 'हे राम' म्हणून त्यांचं डोकं खाली गेलं. मी भिंतीला टेकून बसलो. तिचे पाय माझ्यासमोर होते. करंगळी कशी आहे ते बघायचं माझ्या मनातही आलं नाही.

आम्ही तिला टांग्यातून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळी हकीकत विचारून छाती तपासली, घशात बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं. उलटं धरलंत ते ठीक केलंत म्हणाले, फुंकलंत ते फारच ठीक. "आणि ते ताट कशाला?" त्यांनी विचारलं. "त्याने काही होत नसतं." आक्काने पदर सारखा केला.

घरी आल्यावर मी आक्काला विचारलं, "पुन्हा म्हणजे काय? एकदा कधी गेली होती?"

मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. आक्का तिच्या केसांतून हात फिरवत बोलली.

"जन्मली तेव्हा. नुसती निळी. हाताला लोळागोळा. श्वास नाही, काही नाही. सुईणीने नाळ कापू दिली नाही. म्हणाली, नाळेला लागून पडलेली वार अजून आईची आहे, तिला ऊब दिली तर पोरीला पोचते. खापरात वार घालून शेगडीवर धरली. तोच तुला वास आला होता. तिने तोंडाने फुंकलं, तळवे चोळले, गार पाणी शिंपडलं, ऊन पाणी शिंपडलं. मी ताट वाजवत होते. कशाने आली कुणास ठाऊक. पण आली."

"हे मला सांगायला काय झालं होतं?"

"मेलेली जन्मली होती असं एकदा बोललं गेलं की ते पोरीला चिकटतं रे. सोयरिकीच्या वेळी कुणीतरी काढतंच. मरून आलेली मुलगी कोण घरात घेईल? मुलगा असता तर साऱ्या गल्लीला सांगितलं असतं मी."

"पण मी तिचा बाप आहे."

"तुला तर नाहीच सांगायचं असं ठरवलं होतं," आक्का म्हणाली. "तू ओरडत नाहीस, भांडत नाहीस. विहिरीवर उभा राहून एवढंच बोलतोस की देवाला माहीत. तुझं ते एवढंच बोलणं कुठवर जातं, ते सुईणीच्या बाबतीत पाहिलं की आम्ही."

म्हणजे त्यांनी माझ्यावर संशय घेतला होता, आणि तो बरोबर होता.

रामटेकच्या जत्रेच्या दिवसांत मी सुईणीच्या भावाचं गाव शोधत गेलो. ती गोठ्याच्या सावलीत बसून वाटाणे सोलत होती. मी कोण ते सांगितलं. तिला आठवेना.

"लय पोरं झाली गा माह्या हातून, बाबू. कोणतं म्हणता?"

"ज्याची वार तू विस्तवावर धरली होतीस. ताट वाजवलं होतं."

"ताट तं लय घरी वाजवलं. काही उठले, काही नाही उठले." तिने शेंग सोलली. "तुमची उठली ना?"

"उठली."

"मंग?"

मी म्हणालो, "कशानं उठली गं ती? फुंकल्यानं, का विस्तवानं?"

"मले काय माहीत! जे जे येते ते सारं करतो आपण. उठणारं उठते." मग तिने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "एवढ्या दूर येऊन हेच इचारून राहिले काय तुमी?"

नाही. मला दुसरंच विचारायचं होतं. अंगणात सगळं डोळ्यांनी पाहिल्यावरसुद्धा विचारायचं होतं, हे लिहायला हात चालत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, "त्या दिवशी आमच्याकडे येण्याआधी तू किराणा दुकानदाराकडे होतीस का? त्याला त्याच दिवशी मुलगा झाला."

"त्याच्या घरी? मी काहून जाऊ? त्याची बायको तं माहेरी कामठीले होती. पोरगा तथीच झाला. त्या दिवशी खबर आली असंल." ती हसली. हसता हसता तिला ठसका लागला. "तुमची आळी मोठी वंगाळ गा. मले चेटकीण म्हणत. कोण्या मेल्यानं उठवलं होतं ते, मले समजलंच नाही."

मी येताना आणलेलं लुगडं तिच्यासमोर ठेवलं. ते कोणी उठवलं हे मी तिला सांगितलं नाही. ते मी कुणालाच सांगितलं नाही. कामठीबद्दल मी पाच वर्षांत दुकानदाराला, त्याच्या पोरींना, कुणालाही एका वाक्यात विचारू शकलो असतो. विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं असतं. नंतर लक्ष देऊन पाहिलं तर त्या गल्लीत निम्म्या लोकांच्या करंगळ्या चढलेल्या होत्या.

त्या रविवारनंतर आमच्या मुलीला एक सवय लागली. बोर खाल्लं की ती बी तोंडातून काढून तळहातावर घ्यायची आणि मला आणून दाखवायची. मग दुसरं बोर. मी प्रत्येक बी बघायचो आणि मान हलवायचो. तेव्हापासून मी तिला नावाने हाक मारू लागलो. सुरुवातीला माझाच आवाज मला परका वाटे.

आता तिचं लग्न होऊन तिलाही मूल झालं आहे. मरून आलेली मुलगी म्हणून कुणी काही काढलं नाही. आक्का ते गुपित सांभाळून गेली. बोरांच्या दिवसांत मुलगी माहेरी येते, आणि अजूनही गमतीने बी हातावर ठेवून माझ्यापुढे धरते. "बघा बाबा, बाहेर आली." तिला ताट आठवतं. उलटं धरलेलं आठवतं. गार्डसाहेबांचं डोकं आठवतं, आणि त्यावर ती पोट धरून हसते. बाकी काय आठवतं ते मला कळत नाही. ती हसत असतानाही मी तिच्या चेहऱ्यावर तेच शोधत असतो. विचारत नाही.

या वर्षी तिनेच विचारलं. तिचं मूल अंगणात खेळत होतं, ती त्याला बोराचा गर काढून भरवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशी माझ्या घशात बी अडकली, तेव्हा मी आधी कुणाकडे गेले होते हो? मला कापडाचं काहीतरी हातात होतं असं वाटतं."

"आईकडे," मी म्हणालो. "तिच्या पदराला धरलं होतंस."

तिने माझ्याकडे पाहिलं. आक्काने त्या सकाळी दारात उभं राहून जितका वेळ घेतला होता, तितकाच वेळ. मग तिने गर काढून उरलेली बी उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "असेल."

ती उद्या सासरी जाते आहे. हे कागद तिच्या ट्रंकेत वरच ठेवणार आहे. पोरी, तो पदर नव्हता. तू आधी माझ्याकडे आली होतीस.